धूळपाटी ते काचपाटी

एखाद्या विषयाचा आरंभ करण्याला आपण मराठीत अजूनही ‘धुळाक्षरे गिरवणे’ म्हणतो. धुळीत अक्षर काढलेला माणूस आज शोधून सापडणे कठीण. पण भाषेने ती धूळ अजून झटकलेली नाही. पंतोजींच्या शाळेत लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरीत, काडीने तीवर अक्षर काढीत, आणि चुकले की पाटी हलवली म्हणजे ती पुन्हा कोरी. तिला पैसा लागत नसे की दुकान लागत नसे. चूक किती वेळा करावी याला मर्यादा नव्हती, आणि झालेल्या चुकीचा मागमूसही उरत नसे.

त्यानंतरच्या दोनशे वर्षांत आपल्या वर्गात एकामागून एक साधने आली. दगडी पाटी आली, फळा आला, परीक्षानळ्या आणि तराजू आले, जादूचा कंदील आला, टकळी आली, रेडिओ, दूरचित्रवाणी, संगणक आणि आता भिंतीवरचा चकचकीत पडदा. प्रत्येक साधनाबरोबर एक दवंडीही आली, की आता शिकवणे मुळापासून बदलणार. मी शाळामास्तर आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. इतिहासकार म्हणवून घेण्याचा माझा अधिकार नाही. पण ज्याच्या हाताला खडू लागलेला असतो त्याला खडूच्या पूर्वजांविषयी कुतूहल वाटणारच. शाळेला सुटी आहे, पुढ्यात चकली आहे. तेव्हा या साधनांचा थोडा इतिहास, विशेषतः विज्ञानाच्या तासापुरता, वाचकांना सांगावा असे मनात आहे.

आरंभ धुळीपासूनच करू. कारण त्या धुळीने एकदा विलायतेची सफर केली आहे. डॉक्टर अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश पाद्री १७८९ साली मद्रासेत सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा पाहू लागले. तेथे त्यांना मलबारी मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना दिसली. बेलसाहेबांनी ती रीत आपल्या शाळेत आणली. वाळूचे तबक मुलांपुढे ठेवायचे आणि जाणत्या मुलाने नेणत्या मुलाला शिकवायचे. १७९७ साली लंडनमध्ये त्यांनी या प्रयोगावर पुस्तक छापले आणि ‘मद्रास पद्धत’ या नावाने ती वाळू इंग्लंडातल्या गोरगरिबांच्या शाळांत पोचली. आज शैक्षणिक साधन म्हटले की ते परदेशातूनच यायचे अशी आपली समजूत असते. त्या काळी निर्यात आपण करीत होतो, आणि मालाची किंमत होती शून्य.

मग फळा आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एडिंबरो येथे जेम्स पिलन्स हे शिक्षक भूगोल शिकवताना मोठा काळा फळा वापरीत, आणि पुष्कळदा त्याचे श्रेय त्यांना देतात. आपल्याकडे सरकारी शाळांबरोबर तो गावोगाव गेला. फळ्याचे उपकार मी विसरणार नाही. माझे पोट त्यावरच चालते. पण त्याने एक मोठा बदल घडवला, तो सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. धूळपाटी मुलाची होती, फळा मास्तरांचा झाला. पूर्वी प्रत्येक मुलाची मान आपापल्या पाटीवर वाकलेली असे. आता सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या आणि हात मांडीवर आले.

विज्ञान आपल्या शाळांत शिरले ते या फळ्याच्या काळात. मराठीत त्याची वाट पाडणाऱ्यांत पहिले नाव बाळशास्त्री जांभेकरांचे. ‘दर्पण’कार म्हणून त्यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो, पण एल्फिन्स्टन विद्यालयात गणित शिकवणारे, कुलाब्याच्या वेधशाळेत काम करणारे आणि १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढून त्यात शास्त्रीय विषय मराठीत समजावून सांगणारे बाळशास्त्री शाळेतल्या फार थोड्या मुलांना ठाऊक असतात. १८४६ साली ते गेले तेव्हा पस्तिशीही गाठलेली नव्हती. पुढच्या पिढीत कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी (१८४७–१९०६) रसायन आणि पदार्थविज्ञान यांवर मराठीत ग्रंथ लिहिले. १९२८ साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले, त्यामागे गो. रा. परांजप्यांसारखे भौतिकीचे प्राध्यापक होते. शब्द मराठी झाले, पुस्तके मराठी झाली. उपकरणे मात्र बोटीने येत राहिली.

आमच्या नागपूरची गोष्ट थोडी निराळी आहे. येथे विज्ञानाचे पहिले साधन म्हणजे दगड. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. त्यांनी शाळा काढली, आणि उरलेल्या वेळात आसपासच्या टेकड्या, ओढे आणि खाणी पालथ्या घातल्या. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी नागपूर परिसरातले जीवाश्म गोळा केले आणि या भूमीचा इतिहास दगडांतून वाचून जगापुढे मांडला. १८६३ साली एका ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. त्याला अख्खे शहर आजही ‘अजब बंगला’ म्हणते, आणि नागपूरच्या कोणत्याही मुलाने आयुष्यातला पहिला जीवाश्म बहुधा तेथेच पाहिलेला असतो. १९०६ साली येथे सायन्स कॉलेज निघाले. १९१० च्या सुमारास चंद्रशेखर वेंकट रामन हे तरुण अधिकारी येथल्या हिशेब खात्यात काही काळ नोकरीला होते. म्हणजे गाव तसे विज्ञानाला परके नव्हे. तरीही शाळेतल्या मुलापर्यंत विज्ञान पोचले ते बहुधा काचेआडून.

ही काच कशी आडवी आली ते सांगितले पाहिजे. मी ज्या शाळेत शिकलो तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. तशा शाळा गावोगाव होत्या. मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारी एक कपाट असे. त्याच्या काचेतून पितळी तराजू, अंतर्वक्र आरसा, घोड्याच्या नालाचा चुंबक, चंचुपात्रे आणि बाटलीतला बेडूक दिसत. त्याला कुलूप असे. तपासणीसाहेब यायचे असले म्हणजे कुलूप निघे, पितळ चिंचेने उजळे, आणि ते गेले की कपाट पुन्हा बंद. प्रयोगवही मात्र आम्ही सर्वांनी सुवाच्य अक्षरात पूर्ण केलेली असे. ‘साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान’ हे सारे फळ्यावरून उतरवलेले. निरीक्षण आम्ही केले नव्हते आणि अनुमान काढावे लागले नव्हते.

त्या काळी मला वाटे की आमचे शास्त्राचे मास्तर आळशी असावेत. पुढे मीच मास्तर झालो आणि शाळेची जडसंग्रह नोंदवही हाताळली, तेव्हा कुलपाचे कोडे उलगडले. या नोंदवहीत शाळेतल्या प्रत्येक टिकाऊ वस्तूला क्रमांक असतो. वस्तू हरवली किंवा फुटली तर तिचा जाब कोणाला तरी द्यावा लागतो, आणि तो कोणी तरी म्हणजे ज्याच्या ताब्यात ती वस्तू आहे तो मास्तर. तुटपुंज्या पगारातून सूक्ष्मदर्शकाची भरपाई कोण करील? म्हणून सूक्ष्मदर्शक सुखरूप राही आणि मुलाला कांद्याची पेशी चित्रात दिसे. मास्तरांना मी मनातल्या मनात दोष देणे तेव्हापासून सोडले. त्याबरोबर एक गोष्ट ध्यानात आली, आणि या सगळ्या इतिहासात मला तीच पुन्हा पुन्हा आढळते : जी वस्तू मोडली तरी चालते तीच मुलाच्या हातात पडते. धूळ मोडत नाही. काचेची नळी मोडते.

कपाटाला कुलूप होते तेव्हा शाळेबाहेर दुसरेच एक नवल चालू होते. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले आणि त्यांना नाव दिले ‘शांबरिक खरोलिका’. कंदिलाची रचना साधी. पेटीत प्रखर दिवा, त्याच्यापुढे प्रकाश एकवटणारे भिंग, मग काचेवर रंगवलेले चित्र उलटे धरायचे, आणि शेवटी प्रतिमा मोठी करणारे दुसरे भिंग. की समोरच्या पडद्यावर चित्र सुलटे उभे राहते. पटवर्धन कुटुंबाने काचेवर स्वतः चित्रे रंगवली आणि ती अशा युक्तीने बदलली की पुराणातली पात्रे हालचाल करताना दिसत. प्रेक्षकांना पुराण दिसले. पेटीत मात्र शुद्ध प्रकाशशास्त्र होते, आणि ते पटवर्धनांच्या घरातल्या माणसांच्या बोटांना पाठ झाले होते.

वीस वर्षांनी, १९१२ साली, धुंडिराज गोविंद फाळके लंडनहून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन मुंबईस परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांना ठाऊक आहे. पण त्याआधी त्यांनी जे चित्रण केले त्यात हरिश्चंद्रही नव्हता आणि तारामतीही नव्हती. होता वाटाण्याचा एक दाणा. कुंडीत दाणा पेरून तिच्यापुढे त्यांनी कॅमेरा उभा केला आणि महिन्याहून अधिक दिवस अंतराअंतराने एकेक चित्र घेतले. ती चित्रे सलग फिरवली तेव्हा मिनिटभरात अंकुर फुटला, वेल वर चढला. पैसा उभा करायचा तर आपली विद्या धनकोला पटवून द्यावी लागते. ते काम या वाटाण्याने केले. सरस्वतीबाई फाळके फिल्मच्या पट्टीला भोके पाडणे आणि ती धुणे ही कामे घरच्या कामासारखी करीत. महाराष्ट्रातल्या विज्ञानशिक्षणाच्या चित्रपटाचा पहिला वर्ग असा एका बिऱ्हाडात भरला.

या वाटाण्याविषयी मला फार आदर वाटतो, कारण चित्राची खरी ताकद कशात आहे ते तो नेमके सांगतो. रोप वाढते हे मुलाला कुंडीतही कळते, पण वाढताना ते दिसत नाही. आपला डोळा तितका धीराचा नाही. हाताला जे कधीच सापडणार नाही, म्हणजे फार हळू, फार जलद, फार लहान किंवा फार दूरचे, ते चित्राने दाखवावे. तेथे कॅमेऱ्याला पर्याय नाही. मात्र लिटमसचा कागद लिंबाच्या रसात बुडवला की लाल होतो हे पडद्यावर कशाला दाखवायचे? लिंबू तर कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे मिळते. आणखी एक गोष्ट विसरू नये. वाटाण्याचा तो खेळ पाहणाऱ्यांनी मौज लुटली. पण वाटाण्याविषयी सर्वांत अधिक कोण शिकले असेल, तर त्याला महिनाभर पाणी घालणारे फाळके.

आता आपण नागपूरच्या शेजारी येऊ. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिच्या विचारांना अभ्यासक्रमाचे रूप दिले, आणि ‘नई तालीम’ जन्माला आली. तिचे वर्गातले साधन होते टकळी. टकळी म्हणजे एक काडी आणि तिच्या बुडाशी चकती. शहरातले शिकलेले लोक हसले. पण या खेळण्यात काय काय दडलेले आहे ते पाहा. चकती जड असेल तर फिरत राहते आणि हलकी असेल तर लवकर थांबते, हा गतीचा पाठ झाला. पीळ कमी पडला तर सूत तुटते, येथे घर्षण आले. पावसाळी हवेत आणि उन्हाळी हवेत सूत निराळे वागते, म्हणजे हवेतला दमटपणा आला. कापसाचे बोंड, त्यावरची कीड, त्याची माती हे वनस्पतिशास्त्र. आणि सुताचा अंक काढायचा तर गणित चुकवता येत नाही : एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी भरतील तितका त्याचा अंक. वऱ्हाडच्या मुलाला कापूस परका नव्हता. मोडली तर टकळी सुतार दुसरी करून देई, आणि जडसंग्रहाच्या वहीला तिचा विसर पडला तरी कोणाचे बिघडत नव्हते.

परिषदेतच काहींनी शंका काढली होती, की मुलांच्या सुतावर शाळेचा खर्च निघावा असे म्हटले तर शाळेचा कारखाना होईल. शंका रास्त होती. प्रत्यक्षात पुष्कळ शाळांत घडले ते मात्र वेगळेच. टकळीचा ‘तास’ झाला. वेळापत्रकात तिला घर मिळाले, घंटा झाली की मुले कातू लागली, दुसरी घंटा झाली की थांबली. आणि शेजारच्या तासाला विज्ञान पूर्वीसारखेच फळ्यावरून उतरवले जाऊ लागले. टकळी हातात राहिली, पण तिच्यातला प्रश्न निघून गेला. म्हणजे वस्तू स्वस्त असून आणि हातात असूनही पुरत नाही. ‘हे असे का होते?’ हे विचारण्याची मोकळीक तिच्याबरोबर यावी लागते. ती मोकळीक शिक्षकाला नसेल तर मुलाला कोठून मिळणार?

ही मोकळीक जिथे होती तिथले एक उदाहरण डोळ्यांपुढे येते. ताराबाई मोडकांनी १९२६ पासून बालशिक्षणाला वाहून घेतले. माँटेसोरी पद्धतीची त्यांना ओढ होती, पण तिची परदेशी लाकडी साधने श्रीमंतांच्या मुलांनाच परवडत. पुढे बोर्डी आणि १९५७ पासून डहाणू तालुक्यातले कोसबाड येथे ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी त्या साधनांची जागा शंखशिंपले, बिया, पाने आणि खडे यांना दिली. गुरे चारणारी वारली मुले शाळेत येईनात, तर शाळा कुरणात नेली. माँटेसोरीबाईंचे तत्त्व त्यांनी ठेवले आणि दुकान सोडले.

यानंतरचा काळ तारांचा आणि लहरींचा. १९४८ साली नागपुरात आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईची दूरचित्रवाणी लागली. २७ जानेवारी १९८४ रोजी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली. आज चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळांना ते नाव ऐकताच सकाळचा दूध-पोळीचा वास आठवेल. मराठी मुलांसाठी मराठी माणसांनी केलेले ते कार्यक्रम होते, आणि त्यांत विज्ञानाला चांगली जागा होती. जिथे शास्त्राचा शिक्षकच नव्हता तिथे तो पडदा शिक्षकाच्या जागी बसला, हे उपकार लहान नव्हेत. पण दूरचित्रवाणी बोलते आणि ऐकत नाही. मुलाने हात वर केला तर तिला दिसत नाही. शिवाय ती दूरच्या एका इमारतीवर अवलंबून असते. निधीच्या ओढाताणीत २०१७ साली बालचित्रवाणी बंद झाली आणि गावोगावचे ते मास्तर एका आदेशाने गप्प झाले. ते कार्यक्रम करताना जमलेले कसब एकदा विखुरले की पुन्हा गोळा करणे सोपे नसते, याची कोठल्याही जमाखर्चात नोंद होत नाही.

आता ज्या प्रयोगापाशी मला थोडे थांबायचे आहे तो नर्मदेकाठचा. होशंगाबाद, म्हणजे आजचे नर्मदापुरम, १९५६ पर्यंत त्याच प्रांतात होते ज्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत आमचे रस्ते वेगळे झाले. १९७२ साली तेथल्या १६ माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी विज्ञान शिकवण्याचा एक नवा घाट घातला. त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ होते, पुढे दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आले. उन्हाळ्याच्या सुटीत ते खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसून तेच प्रयोग करीत जे मुलांनी करायचे होते. वर्गात चार-चार मुलांच्या टोळ्या. प्रत्येक टोळीला साहित्याची पेटी. पुस्तकाचे नाव ‘बालवैज्ञानिक’. त्यात उत्तरे नव्हती, करून पाहायच्या गोष्टी आणि प्रश्न होते. फूल उकलायला टाचणीऐवजी बाभळीचा काटा. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा, कारण पुस्तकात उत्तर सापडणारच नव्हते. आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी. मुलांच्या शंकांना ‘सवालीराम’ या कल्पित गृहस्थाच्या नावाने पत्रे जात आणि उत्तरे येत.

यातली खरी क्रांती मला बाभळीच्या काट्यात दिसते. काट्याला जडसंग्रहात क्रमांक देता येत नाही! तो हरवला तर मुलगा बांधावर जाऊन दुसरा आणतो. मास्तरांच्या डोक्यावरचे भरपाईचे ओझे उतरले की त्यांच्या हातातली किल्ली आपोआप सैल होते. शिवाय या प्रयोगाने मास्तरांना ‘मला ठाऊक नाही, आपण करून पाहू’ हे वाक्य मुलांसमोर उच्चारण्याची प्रतिष्ठा दिली. आमच्या व्यवसायात हे वाक्य फार अवघड आहे.

१९७८ साली पुण्याच्या टेल्को कारखान्यातले एक तरुण अभियंते रजा घेऊन या होशंगाबादला आले. त्यांचे नाव अरविंद गुप्ता. आठवडी बाजारात हिंडताना त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी पाहिली आणि तिचे तुकडे काड्यापेटीतल्या काड्यांना जोडले. एका तुकड्यात दोन काड्या दोन बाजूंनी खुपसल्या की लवचीक सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण करा. कितीही दाबा, त्याचा आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौरस करा. बोट लावताच तो कलंडतो आणि त्याचा समभुज चौकोन होतो. त्यात एक तिरपी काडी घाला की तो पुन्हा ताठ. रेल्वेच्या लोखंडी पुलाला त्रिकोणच त्रिकोण का असतात, छपराच्या कैचीत तिरपे वासे का असतात, याचे उत्तर पाचवीच्या मुलाच्या बोटांना दोन मिनिटांत कळते. अभियांत्रिकीचा हा पाठ काही पैशांत झाला, आणि काडी मोडली तर पेटीत आणखी काड्या होत्या. पुढे या शतकाच्या आरंभी डॉ. जयंत नारळीकरांच्या आयुकाने पुण्यात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभारली आणि गुप्तांनी तेथे कित्येक वर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या त्या वास्तूचे नाव ‘पुलस्त्य’. ते सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचे नाव आहे आणि त्यात पु. ल. ही दडलेले आहेत. हसवणाऱ्या माणसाचा पैसा मुलांच्या खेळण्यांत गेला, याहून चांगला विनियोग मला सुचत नाही.

होशंगाबादचा प्रयोग १६ शाळांपासून शेकडो शाळांपर्यंत पसरला. १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला. २००२ साली सरकारने तो बंद केला. तीस वर्षांचे काम थांबायला एक कागद पुरला. पण येथे बालचित्रवाणीच्या आणि या प्रयोगाच्या शेवटात एक फरक मला दिसतो. दूरचित्रवाणी थांबली तेव्हा पडदा काळा झाला. होशंगाबादचा कार्यक्रम थांबला, तरी जे शिक्षक उन्हाळ्यात बाभळीच्या काट्याने फूल उकलायला शिकले होते त्यांच्या बोटांतले ते ज्ञान कोणत्याही आदेशाने काढून घेता येणार नव्हते. काड्यांचा त्रिकोण तर देशभर फिरतो आहे.

आता आजचे. आमच्या प्रतापनगरात आणि आजूबाजूच्या वस्त्यांत अशी शाळा क्वचितच असेल जिच्या प्रवेशाच्या पत्रकावर डिजिटल वर्गाचे छायाचित्र नाही. हा पडदा म्हणजे काचेची पाटीच. बोट फिरवले की अक्षर उमटते, पुसले की कोरी. दोनशे वर्षांनी आपण पुन्हा बोटाने लिहू लागलो याची मला मौज वाटते. फरक इतकाच की बोट मास्तरांचे आहे आणि पाटीला क्रमांक आहे. मुलांनी तिला हात लावू नये म्हणून तिच्यावर सूचना चिकटवलेली असते. जुने काचेचे कपाट आता भिंतीवर टांगले गेले आहे.

पण याच साधनाचा वेगळा उपयोगही आपल्याच राज्यात झाला आहे, तो सांगितला नाही तर अन्याय होईल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर संकेत छापले. घरचा फोन त्या चौकोनावर धरला की कविता ऐकू येते, पाठ दिसतो. डिसले गुरुजींना २०२० सालचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि दहा लाख डॉलरांतली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. या युक्तीचे मर्म यंत्रात नाही. आपल्या मुलांच्या घरी काय आहे आणि काय नाही हे एका शिक्षकाने पाहिले आणि साधन त्याप्रमाणे वाकवले, यात आहे. त्याच २०२० साली शाळा बंद झाल्या आणि फोन हाच वर्ग झाला, तेव्हा ज्या घरी तीन भावंडांत एक फोन होता तिथे शिक्षणाची वाटणी कशी होते तेही आम्ही मास्तरांनी पाहिले. बहुधा धाकट्या बहिणीचा क्रम शेवटी लागे.

मला काळजी वाटते ती निराळ्या गोष्टीची. पडद्यावर आज प्राणवायूचा प्रयोग इतका सुरेख दिसतो की नळीला तडा जात नाही, धूर होत नाही, प्रयोग कधी फसत नाही. मुले तो पाहतात आणि ‘जळती काडी अधिक प्रखरतेने जळते’ हे घडाघडा सांगतात. नंतर त्यांच्या हातात काड्यापेटी द्यावी, तर दहावीच्या वर्गातही कित्येकांना काडी ओढता येत नाही. कधी ओढलेलीच नसते; दिवाळीत फुलबाजीसुद्धा मोठ्यांनी पेटवून हातात दिलेली असते. ज्याने ज्योत कधी पेटवली नाही त्याला प्रखर ज्योत म्हणजे काय, हे कोणता पडदा सांगणार? आणि प्रयोग फसतो, मग तो का फसला हे शोधावे लागते, विज्ञानाचा हा अर्धा भाग तर कधीच न फसणाऱ्या चित्रात येतच नाही.

म्हणून मी पडदा काढून टाका असे म्हणत नाही. वाटाण्याचा वेल, हृदयाचे ठोके, शनीची कडी, अणूची रचना यांना पडदा हवाच. पण ज्या वर्गात पडदा लावला जातो तिथे त्याच पैशातून थोडा भाग मोडण्यासाठी म्हणून वेगळा काढावा. वर्षाला इतक्या परीक्षानळ्या फुटल्या पाहिजेत, इतकी भिंगे खरचटली पाहिजेत. फुटल्या नाहीत तर मास्तरांना जाब विचारावा. नोंदवहीतला हा एक रकाना बदलला तर मला वाटते दहा परिपत्रकांहून अधिक काम होईल. आमच्या शहरात गांधीसागर तलावापाशी १९९२ पासून रामन विज्ञान केंद्र आहे. तेथे मुलांना दांडे ओढायला, चाके फिरवायला आणि आरशांशी खेळायला मुभा आहे, आणि सुटीत तिथे जी झुंबड उडते ती पाहिली म्हणजे मुलांना विज्ञान आवडत नाही हे कोणी खरे मानणार नाही.

शाळेची वही बदलायला वेळ लागेल. घराला नोंदवही नसते. या सुटीत सायकलच्या दुकानातून वीतभर व्हॉल्व्हची नळी आणा, एक काड्यापेटी घ्या, गुल काढून टाका आणि मुलांना त्रिकोण करू द्या. मग चौरस करायला सांगा आणि तो का पडतो ते मात्र सांगू नका. फराळाचे ताट बाजूला राहील, काड्यांचा सतरंजीवर पसारा होईल, निम्म्या मोडतील. मोडू द्याव्यात. काड्यापेटी अजूनही स्वस्त आहे.